पावणेसहाला उघडणारं दार

१२ ऑक्टोबर

ती. वन्संना,

नवीचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे साष्टांग आता कागदावरच जमतो, तो गोड मानून घ्या.

तुम्ही विचारलंत, "एक नात सांभाळायला गेलीस, मग पत्राला सवड का नाही?" वन्सं, नात एकच असती तर सवड झाली असती. सध्या माझ्याकडे अकरा पोरं आहेत.

घाबरू नका, तुमच्या भाच्याचा यात काही दोष नाही. हे गाव नकाशाच्या पार वरच्या कडेला. रस्ता इथे संपतो, पुढे नुसता समुद्र. बाया मासळी भरायच्या शेडमध्ये जातात, नाहीतर आपल्या सूनबाईसारख्या दवाखान्यात. पाळी सुरू होते सहाला. शाळा भरते नऊला, आणि सहा वर्षांखालच्यांसाठी काही म्हणजे काहीच नाही. पूर्वी बालवाडी होती म्हणे. तिच्यासाठी दोन शिक्षिका आल्या. बर्फ बघायला आल्या आणि बर्फ बघून गेल्या.

शेजारणीने एक दिवस म्हटलं, "आजी, तुमची नात खेळतेच आहे, माझी जुळी तिच्याजवळ बसू देत का, आठवडाभर?" आठवडा झाला, जुळी गेली नाहीत, आणखी चार आली. घर पुरेना. मग आम्ही चाळीखालच्या धुण्याच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं. तिथून गरम पाण्याचे पाइप जातात, त्यामुळे ऊब आयती. यंत्रं घुमत असतात, त्या आवाजाने तान्ही गुडुप झोपतात. पाइपावर अकरा जोड मोजे वाळत घालते आणि दिवसातून सात वेळा डोकी मोजते.

यात एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. दोन भावंडांना घेऊन येते, म्हणून सगळे तिला थोरली म्हणतात. मला वाटलं, हिला सुट्टी असेल. चौथ्या दिवशी विचारलं, "काय गं, शाळा?" तर म्हणाली, "ही दोघं शाळेत जायला लागली की मग मी जाईन." वन्सं, धाकटा दीड वर्षाचा आहे.

गेल्या आठवड्यात नगरपालिकेच्या पाहणी अधिकारी आल्या. हातात ही एवढी फाईल. मला वाटलं, आता टाळं लागणार. पण फाईलबाई तासभर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, रीतसर केंद्र काढू. पण प्रमुख म्हणून शालान्त झालेलं माणूस लागतं, त्यावर तीन महिन्यांचं प्रशिक्षण. तुमचं शिक्षण किती?"

मी काय सांगणार? "दहावी, परीक्षेपर्यंत," म्हटलं.

वन्सं, मी मार्चमध्ये परीक्षेला बसू का? हसू नका. आणि हसलात तरी कळवा.

तुमची,
नवी


२ नोव्हेंबर

नवीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका एकोणीस. यादी सोबत जोडली आहे, प्रत्येक शब्द पाच वेळा लिहून काढ.

मी हसलेले नाही. चाळीस वर्षं शाळेत काढली, त्यातली बारा मुख्याध्यापिका म्हणून. एकसष्टाव्या वर्षी परीक्षेला बसणारं माणूस पाहिलेलं नाही, पण नियमात कुठे वयाची अट नाही. बस.

आता स्पष्ट बोलते. शाळा ही शाळा आणि पाळणाघर हे पाळणाघर, दोन्हींची सरमिसळ मला कधी पटली नाही. शिवाय तू तिथे नातीसाठी गेली आहेस. मुलाने-सुनेने तुला कामाला जुंपलं असेल तर तसं लिही, मी भाच्याचा कान इथून पिळीन. वसंतात परत येशील असं ठरलं होतं. तुझ्या घराच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत, आठवड्याला जाऊन खिडक्या उघडते.

पुस्तकं पार्सलने पाठवली आहेत. गणिताचं आधी उघड, कारण ते तू शेवटी उघडशील. फॉर्मची मुदत पंधरा डिसेंबर. आजच भर, आणि स्वतः जाऊन पोस्टात टाक. कुणाच्या हाती देऊ नकोस.

तुझी वन्सं


२८ नोव्हेंबर

ती. वन्संना नमस्कार, या खेपेला उभ्यानेच.

फॉर्म भरला. स्वतः टाकला. पोस्टातल्या माणसाने वय वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

मला कुणी जुंपलेलं नाही हो. उलट सूनबाई रोज म्हणते, "आई, आज बसा जरा." बसून काय करू? इथे दुपारी तीनला दिवा लावावा लागतो. अकराची चौदा झाली. त्यात एक दातवाला आला आहे, जो दिसेल त्याला चावतो. मी त्याच्या हातात सतत काहीतरी चघळायला देते, ब्रेडचा कडक तुकडा नाहीतर गाजर. आता चावण्याआधी माझ्याकडे बघतो, म्हणजे निम्मी लढाई जिंकली.

गणिताचं म्हणाल, तर समीकरण मला लगेच पटलं. एका बाजूला जे कराल ते दुसऱ्या बाजूला करायचं. जुळी सांभाळते मी. एकाला बिस्किट दिलं की दुसऱ्याला द्यावंच लागतं, नाहीतर तोल गेलाच. भूमिती मात्र वैरीण आहे.

फाईलबाई टेप घेऊन परत आल्या. बंदराच्या रस्त्यावर जाळी ठेवायचं जुनं गोदाम आहे, ते त्यांनी बघून ठेवलंय. एक सप्टेंबरपर्यंत प्रमुख मिळाली तर केंद्र मंजूर, नाहीतर जागा बर्फाच्या कारखान्याला साठवणीसाठी जाणार. "आजी, माझ्याकडे दुसरं नाव नाही," म्हणाल्या. त्या बोलताना एवढ्याशा खुर्चीवर बसल्या होत्या. उठताना आम्ही दोघींनी एकमेकींना हात दिला.

काल अभ्यास करताना आईंची आठवण झाली. बेचाळीस वर्षं झाली, पण "घरात काय कमी काम आहे का!" हे त्यांचं वाक्य माझ्या कानातून गेलं नाही. वडील गेले म्हणून माझी परीक्षा बुडाली होती, लग्नानंतर द्यायची एवढंच मागणं होतं. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, त्यांनी तो झेलला नाही. मी उलट बोलले नाही कधी, पण मनात धरून ठेवलं. त्यांचं सगळं केलं, आजारपणही केलं. पण मोकळेपणाने दोन शब्द बोलले नाही. वर भेटल्या तर आधी गुणपत्रिका दाखवीन, मग पाया पडेन.

पुरे झालं. जुळ्यांनी मोजे अदलाबदल केलेत.

नवी


२० डिसेंबर

नवीस,

चुका अकरा. सुधारणा आहे.

भूमितीत आकृती आधी काढ, मग वाच. उलटं केलंस की घोळ होतो. प्रमेय पाठ करू नकोस, पोरांना समजावतेस तसं मोठ्याने बोल.

एक गोष्ट तुला सांगावीशी वाटली. मी मुख्याध्यापिका असताना गणिताची एक तरुण शिक्षिका माझ्याकडे आली होती. पाच महिन्यांचं मूल होतं. भांडारघराशेजारची रिकामी खोली मागत होती. आणखी तिघी होत्या तिच्यासारख्या, मिळून एक बाई ठेवणार होत्या. मी म्हटलं, "शाळा म्हणजे पाळणाघर नव्हे." तिने राजीनामा दिला. पुढे दोन वर्षं दहावीला गणिताला चांगला शिक्षक मिळाला नाही. मी दोष मुलांना दिला.

तुझं धुण्याच्या खोलीचं वर्णन वाचताना ती रिकामी खोली डोळ्यांसमोर आली. तिथे शेवटपर्यंत मोडके बाक ठेवले होते.

बाकी मजकुराबद्दल नंतर कधीतरी.

वन्सं


१५ जानेवारी

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र बर्फात अडकून पंचवीस दिवसांनी आलं. इथे दोन दिवस वादळ होतं. शेडमधल्या बाया तिकडेच अडकल्या आणि नऊ पोरं माझ्याकडे. सूनबाई दवाखान्यात, तुमचा भाचा बंदरावर. थोरली होती म्हणून निभावलं. मी सूप करायची, ती पाजायची. धुण्याच्या टेबलाखाली चादरी टांगून तिने घर केलं आणि सगळ्यांना त्यात कोंबलं. मी नंतर आत डोकावले तर पोरगी फळीवर खडूने अक्षरं काढून दातवाल्याला शिकवत होती. तिला येतात तेवढीच, नऊ. नवव्याच्या पुढे गेली की परत पहिल्यावर येत होती.

म्हणून आज एक नेमकी गोष्ट विचारायची आहे. मी थोरलीसाठी इथल्या हेडमास्तरांना गळ घातली. एकच मास्तर आहेत, तेच हेडमास्तर. म्हटलं, तुम्ही तिच्या आईला विचारा, तुमच्या शब्दाला वजन आहे. आठ दिवसांनी येऊन म्हणाले, "नाही म्हणते. घरचं कोण बघणार, म्हणते." ऐकलं आणि मला आईच आठवल्या.

तुम्ही तेव्हा आईंशी बोलला होतात. त्या काय काय म्हणाल्या, तुम्ही काय उत्तर दिलंत, नीट आठवून लिहा. त्यांना पटलं नाही ते सोडा. पण तुम्ही शिकलेल्या, तुम्ही मुद्दे मांडले असतील. मला ते मुद्दे या बाईपुढे वापरायचे आहेत.

नवी


४ फेब्रुवारी

नवीस,

तू मुद्दे विचारलेस. मुद्दे नाहीत. आई काही म्हणाली नव्हती, कारण मी तिला विचारलंच नव्हतं.

तू मागच्या दारी भांडी घासत होतीस. मला म्हणालीस, "वन्सं, तुमचं त्या ऐकतात. तुम्ही विचाराल?" मी हो म्हटलं. मी तेव्हा अध्यापनाच्या कोर्सला होते, सकाळी सातला निघायचे. तू घरात आल्यापासून माझा डबा आयता, कपडे आयते, चहा हातात. तू अभ्यासाला बसलीस तर सकाळचा स्वयंपाक माझ्या अंगावर येणार, हे मला लख्ख दिसत होतं. विचारू, विचारू म्हणून दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तू समोर उभी राहून विचारलंस, "काय म्हणाल्या?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही म्हणाली. घरात काय कमी काम आहे का, म्हणाली."

ते वाक्य माझं आहे. आईचं नाही.

अजून एक आहे, तेही सांगून टाकते. शेवटच्या आजारात आईने मला विचारलं होतं, "नवी सगळं करते गं माझं, पण बोलत नाही. माझं काय चुकलं?" मी म्हटलं, "तिचा स्वभावच तसा आहे."

मी विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती की नाही, मला माहीत नाही. ते आता कुणालाच कळणार नाही.

माझी पदवी, माझी नोकरी, माझा मान, सगळं तुझ्या हातच्या डब्यावर उभं आहे. मला यात माफी मागण्याचाही हक्क वाटत नाही. पण तू आईवरचा राग घेऊन परीक्षेला बसावंस हे मला सहन झालं नाही.

वन्सं


२७ फेब्रुवारी

नवीस,

पत्र नाही. मी त्याबद्दल विचारणार नाही.

परीक्षेचं प्रवेशपत्र आलं का, एवढंच कळव. नसेल तर मंडळाला तार करता येते. पत्ता मागे लिहिला आहे.

वन्सं


३० मार्च

ती. वन्संना,

प्रवेशपत्र आलं होतं. परीक्षाही झाली. शाळेत तीनच परीक्षार्थी होते, सोळा-सोळा वर्षांच्या दोघी आणि मी. पहिल्या दिवशी त्यातली एक मला म्हणाली, "आजी, पर्यवेक्षकांची खुर्ची पुढे आहे." मी म्हटलं, "माहीत आहे गं, मी तुझ्या मागे बसणार."

मध्ये तुम्हाला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. एकात तर तुम्हाला अगंतुगं केलं होतं.

राग आला. खूप आला, अजून आहे. माझ्या परीक्षेचं म्हणाल, तर ती गेली होती, आता दिली. राग आईंसाठी आहे. मी त्यांची औषधं कधी चुकवली नाहीत, पाठ चोळली, अंथरुणं बदलली. फक्त गप्पा मारल्या नाहीत. आणि त्यांना गप्पांची किती हौस, ते तुम्हाला सांगायला नको. भाजीवालीला अर्धा तास उभं करायच्या. आजारपणात मी त्यांच्याजवळ चार वर्षं तोंड मिटून बसले, ते कशासाठी? तुमच्या सकाळच्या स्वयंपाकासाठी. हे मी त्यांना आता कसं परत करू?

तुमच्या पत्रानंतर आठवडाभर पोरांवरही चिडचिड केली. मग एके दिवशी हात धुताना एकदम मनात आलं, हेडमास्तरांनी तरी विचारलं असेल का? तशीच उठले. सूनबाईला सुट्टी होती, पोरं तिच्यावर सोपवली, शेडवर गेले, जेवणाच्या सुट्टीत थोरलीच्या आईसमोर उभी राहिले.

म्हटलं, "तुझ्या मुलीला शाळेत का पाठवत नाहीस?"

तिने डबा बाजूला ठेवला. "मला कुणी म्हटलंच नाही. मास्तर आले होते मध्ये. पाऊण तास बसले, बोटीच्या इंजिनाबद्दल बोलले आणि चहा पिऊन गेले."

मास्तर भिडस्त आहेत हो. धीर झाला नाही, आणि मग मला सांगायला एक उत्तर हवं होतं. त्यांना मी काही बोलले नाही. बोलायचं ते मी आधी दुसऱ्याच कुणाला तरी मनात बोलून घेतलं होतं.

ती बाई हात पुसत म्हणाली, "पाठवीन. पण आजी, तुम्ही वसंतात जाणार म्हणतात. तुम्ही गेल्यावर पोरीला परत घरी बसवायचं, तर आत्ता उठवू कशाला? पुढच्या हिवाळ्यात आहात का तुम्ही?"

मी म्हटलं, "आहे."

एवढंच. घरात कुणाला विचारलं नाही. संध्याकाळी तुमच्या भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "मग मोठी खोली तू घे, छोट्या खोलीत तुझे गुडघे आखडतात." थोरली आता नऊला शाळेत जाते. पहिलीच्या पोरांत बसते, सगळ्यांहून हातभर उंच. पहिल्या दिवशी लाजली, आता नाही.

माफ केलं असं लिहीत नाही. लिहिलं तर खोटं होईल, आणि आपल्या घरात एक खोटं पुष्कळ झालं. पण तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. सांगितलं नसतं तर थोरली अजून नऊ अक्षरांवरच असती.

नवी


२२ एप्रिल

नवीस,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. त्यात एकही चूक नाही.

तू राहतेस हे वाचून आधी पत्र मिटून ठेवलं. मग वाटलं, बरोबर केलंस. तुझ्या घराच्या खिडक्या मी उघडत जाईन.

मी जुन्या शाळेत गेले होते. आताच्या मुख्याध्यापिका माझ्याच विद्यार्थिनी. त्यांना म्हटलं, भांडारघराशेजारची खोली मोकळी करा. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्हीच तर..." आणि थांबल्या. मी म्हटलं, "हो, मीच." मोडके बाक भंगारात गेले. पण बाई मिळेपर्यंत कोण बघणार, असा प्रश्न आला, आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

तेव्हा सध्या सकाळी चार तास एक मूल माझ्याकडे असतं. आठ महिन्यांचं, विज्ञानाच्या शिक्षिकेचं. पहिल्या दिवशी तासभर रडलं. मी त्याला "शांत बसा" म्हटलं. उपयोग झाला नाही. वर्ग शांत करण्याचे माझे सगळे उपाय करून पाहिले. टेबलावर पट्टी आपटल्यावर तर जास्तच रडलं.

मला मुद्दे हवे आहेत. नीट, सविस्तर लिही.

वन्सं


९ जून

ती. वन्संना नमस्कार.

पास! भाषेत एकाहत्तर, गणितात एक्केचाळीस. पस्तीस लागतात, म्हणजे सहा वर शिल्लक. दातवाला आधी चावला आणि मग त्याने मुका घेतला. फाईलबाई ऐकताच फोनवर एवढ्या मोठ्याने ओरडल्या की दवाखान्यातल्या सूनबाईला बातमी फोनशिवायच कळली असेल. प्रशिक्षण सुरू झालं, रोज दुपारी टपालाने आलेले धडे आणि शनिवारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंकडे प्रात्यक्षिक. ताप कसा मोजायचा हे त्या मला शिकवतात, आणि तापातल्या पोराला औषध कसं गिळवायचं हे मी त्यांना.

आता तुमचं मूल. वन्सं, आधी उभ्या राहू नका. तुम्ही उंच आहात, त्याला खालून तुमची हनुवटीच दिसते. जमिनीवर बसा. त्याच्याकडे बघू नका, त्याच्याजवळ बसून तुमचं काहीतरी करा, शेंगा सोला, लोकर गुंडाळा. ते सरकत येईल. आलं तरी लगेच उचलू नका. आईने तिची ओढणी किंवा रुमाल ठेवून जायला हवा. आणि आईने गुपचूप पळून जायचं नाही, सांगून जायचं. रडलं तरी चालेल, पण त्याच्याशी खोटं नको. पट्टी कुलपात ठेवा.

निकाल आला त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. आईंचा फोटो भिंतीवरून काढला, टेबलावर ठेवला आणि समोर बसले. चांगले दोन तास बोलले. गावातलं सगळं सांगितलं, कोण कुणाशी भांडलं, मासळी कशी आली, सूनबाई कशी आहे, दातवाला कुणाकुणाला चावला. भाजीवाली असती तर तीही कंटाळली असती. माझी चूक सांगितली. मग तुमचीही सांगितली, आणि तुम्हाला त्याचं किती लागलंय तेही. त्या वेळी माझा निरोप तुम्ही पोचवला नव्हता, पण तुमचा मी पोचवला हो.

उठले तेव्हा हलकं वाटलं. तुमच्यावरचा राग शोधला, तर होता तिथे नव्हता. कुठे गेला, काय माहीत. परत आला तर कळवीन.

तुमची,
नवी


३ सप्टेंबर

ती. वन्संना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं मूल उभं राहायला लागलं, आणि तेही तुमच्या गुडघ्याला धरून, हे मी सगळ्यांना वाचून दाखवलं. तीन मुलं झाली म्हणता, आता सुटका नाही तुमची.

इथे परवा केंद्र सुरू झालं. गोदामाचा मासळीचा वास तीन वेळा घासूनही गेला नाही, मग रंग दिल्यावर विसरायला झाला. खिडक्या खाली घेतल्यात, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्यामुळे मोठ्या माणसाला बाहेर बघायचं तर वाकावं लागतं. खुंट्या चोवीस, प्रत्येकीवर वेगळं चित्र. दातवाल्याने मगर मागितली. माझ्या हाताखाली दोन मुली नेमल्यात, गावातल्याच. एक परीक्षेत माझ्या पुढे बसली होती, तीच. मला अजून "आजी, खुर्ची पुढे आहे," म्हणून चिडवते.

दार पावणेसहाला उघडायचं ठरलं, शेडची पाळी सहाला म्हणून. फाईलबाई म्हणाल्या, नियमात आठ आहे. मी म्हटलं, मग नियम दोन तास उशिरा उठतो. त्यांनी लिहून घेतलं आणि वरून सही आणली.

पहिल्या दिवशी साडेपाचलाच बाहेर रांग. सगळ्यात पुढे माझ्या ओळखीची नसलेली एक बाई होती, पलीकडच्या बेटावरून पहिल्या बोटीने आलेली. बरोबर तीन वर्षांची मुलगी. ही बाई पूर्वी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची, मूल झाल्यावर काम सुटलं ते सुटलंच. त्या दिवशी ती परत कामावर जाणार होती. मुलीने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि असा गळा काढला की समुद्रावरचे पक्षी उडाले. बाईचा चेहरा एवढासा झाला. म्हणाली, "आज राहू दे का? उद्या बघू."

मी म्हटलं, "तिला सांगा, कधी येणार ते. मग वळा आणि चालायला लागा."

तिने सांगितलं. हसली, खोटंखोटंच, पण हसली. आणि गेली. पोरगी दहा मिनिटं रडली. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसून मोजे जोडत राहिले. अकराव्या मिनिटाला तिने एक मोजा उचलला, जोडी चुकीची लावली आणि मला दिला.

त्यानंतर दिवस कसा गेला कळलं नाही. तेवीस पोरं, दोन सांडलेली दुधं, एक हरवलेला बूट, जो सुपाच्या पातेल्यामागे सापडला. नऊला थोरली दप्तर घेऊन समोरून शाळेत गेली, तिने काचेला नाक लावलं आणि दोघा भावांना वेडावून दाखवलं.

संध्याकाळी बेटावरची बाई धावत आली. पांढरा कोट अंगावरच होता, काढायचा विसरली होती. "रडली का? खाल्लं का?" तिच्या मुलीने दातवाल्याबरोबर ठोकळ्यांचं बंदर बांधलं होतं, त्यात एक बोट यायची बाकी होती. आईला बघून म्हणाली, "तू जा. मी नंतर येईन." आणि पाठ फिरवली.

ती बाई तिथेच दारात रडायला लागली, हसत हसत. मी तिला एक छोटी खुर्ची दिली, बोट बंदराला लागेपर्यंत बसायला.

तुमची,
नवी